टाकाऊ घटांतून विजेचे भांडार

विजेची निर्मिती करणे ही एक गोष्ट आणि ती साठवून ठेवणे ही दुसरी. धान्य कणगीत भरता येते, पाणी रांजणात किंवा धरणात साठविता येते. परंतु तारेतून वाहणारी वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती कोठेतरी वापरली जावी लागते. सूर्य दिवसा तळपतो आणि दिव्याची गरज रात्री भासते. वारा आपल्या लहरीने वाहतो आणि पिठाची गिरणी मालकाच्या सोयीने चालावी लागते. ही तफावत भरून काढण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे विद्युत् घटमाला. व्यवहारात जिला आपण बॅटरी म्हणतो ती.

घराच्या छपरावर सूर्यपट बसविण्याचा खर्च गेल्या काही वर्षांत पुष्कळ उतरला आहे. घटमालेचा खर्च मात्र अजूनही अनेक कुटुंबांना जड जातो. दुसऱ्या बाजूस दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ह्यांसारख्या ठिकाणी ई-कचऱ्याचे मोठमोठे बाजार भरलेले असतात, आणि जुन्या लॅपटॉपमधील घटमाला तेथे वजनावर विकल्या जातात. ह्या दोन गोष्टी एकत्र आणण्याची कल्पना जगभरच्या हौशी कारागिरांना सुचली. भंगारातील घट निवडून, तपासून व जोडून संपूर्ण घराला पुरेल एवढे भांडार उभारण्याचे प्रयोग आज अनेक देशांत चालू आहेत. काही प्रयोग वर्षानुवर्षे निर्वेध चालतात. काहींचा शेवट आगीत होतो. ह्या दोहोंमध्ये फरक कशाने पडतो, हे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घट कसा काम करतो

दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये एखादा क्षारयुक्त किंवा आम्लयुक्त द्रव, एवढ्या सामग्रीतून विद्युत् प्रवाह मिळतो, हे इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा ह्यांनी १८०० साली दाखवून दिले. चांदीच्या व जस्ताच्या चकत्या आलटून पालटून रचावयाच्या आणि प्रत्येक जोडीमध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले कापड किंवा पुठ्ठा ठेवावयाचा, अशी त्यांची रचना होती. ही रास म्हणजे आजच्या सर्व घटमालांची आद्य जननी होय.

घरी मिळेल त्या साहित्यातून घटमाला बनविणाऱ्यांत पुढे जगद्विख्यात झालेला एक तरुणही होता. लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरेडे १८१२ साली लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. तांब्याची सात अर्धपेनी नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे एवढ्यावर त्याने आपली पहिली घटमाला रचली आणि तिच्या साहाय्याने मॅग्नेशियम सल्फेटाचे विघटन करून पाहिले. विद्युत् रसायनशास्त्राचे मूलभूत नियम पुढे ह्याच तरुणाने शोधून काढले.

व्होल्टाच्या घटातील वीज एकदा संपली की जस्त झिजलेले असते; ते परत भरून येत नाही. वारंवार भरता येणारा व्यवहारोपयोगी घट १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते ह्यांनी तयार केला. शिशाचे दोन पत्रे मध्ये विलगक ठेवून त्यांनी गुंडाळले आणि विरल गंधकाम्लात बुडविले. आज मोटारीत, ई-रिक्षात व घरोघरच्या इन्व्हर्टरखाली दिसणारी शिसे-आम्लाची घटमाला ही त्याच घटाची वंशज आहे.

लिथियम-आयन घट हा ह्या घराण्यातील अलीकडचा सभासद. तो १९९१ साली जपानमधून प्रथम बाजारात आला, आणि त्याच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घटात तांब्याच्या पातळ वर्खावर ग्रॅफाइटचा लेप असतो. हे ऋण अग्र. ॲल्युमिनियमच्या वर्खावर लिथियम व कोबाल्ट, निकेल वा मँगॅनीज ह्यांच्या ऑक्साइडाचा लेप असतो. हे धन अग्र. दोहोंमध्ये सूक्ष्म छिद्रे असलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो आणि हे सर्व थर एका सेंद्रिय द्रवाने भिजलेले असतात. घट भरताना लिथियमचे आयन धन अग्रातून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वापरताना ते परत फिरतात. ह्या जाण्यायेण्यात दोन्ही अग्रांची फारशी झीज होत नाही, म्हणूनच असा घट शेकडो वेळा भरता येतो. परंतु आतील द्रव पाण्यासारखा निरुपद्रवी नसून ज्वालाग्राही आहे, ही गोष्ट वाचकांनी पहिल्यापासूनच ध्यानात ठेवावी. पुढील बहुतेक सर्व सावधगिरीचे मूळ तिच्यात आहे.

टाकून दिलेल्या घटमालेत काय उरते

लॅपटॉपची जुनी घटमाला उघडली तर तिच्यात बहुधा सहा दंडगोल घट आढळतात. दोन दोन घटांच्या तीन जोड्या असतात आणि त्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. ह्या घटाला १८६५० असे अंकनाम आहे. त्यातील पहिले दोन अंक १८ मिलिमीटर व्यास दाखवितात, पुढचे दोन ६५ मिलिमीटर लांबी दाखवितात आणि अखेरचे शून्य त्याच्या दंडगोल आकाराचे निदर्शक आहे. तीनपैकी एक जोडी दुबळी झाली की घटमालेतील नियंत्रक मंडल संपूर्ण घटमालाच बंद करते. मालक ती फेकून देतो. उरलेल्या दोन जोड्या मात्र पुष्कळदा चांगल्या स्थितीत असतात. चालत्या बैलगाडीचे एक चाक मोडल्यामुळे संपूर्ण गाडी मोडीत काढावी, तसाच हा प्रकार होय.

ह्या संदर्भात आपल्या देशात झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. आय. बी. एम. ह्या कंपनीच्या भारतातील संशोधन विभागाने २०१४ साली ‘ऊर्जार’ नावाचे एक साधन तयार केले. लॅपटॉपच्या टाकाऊ घटमालांतील चांगले घट वेगळे काढून त्यांवर एल.ई.डी. दिवा व लहानसहान उपकरणे चालविणे, हे त्याचे कार्य. बंगळूरमधील मोजक्या वापरकर्त्यांकडे ते देऊन पाहण्यात आले. तपासलेल्या टाकाऊ घटमालांपैकी किमान ७० टक्के घटमालांत एक एल.ई.डी. दिवा दररोज चार तासांहून अधिक वेळ, वर्षभर चालविण्याइतकी शक्ती शिल्लक असल्याचे त्या संशोधकांना आढळले. कचऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी, एवढे बळ ह्या निष्कर्षात निश्चित आहे.

लॅपटॉपला जे घट अपुरे पडतात ते घराला का पुरावेत, अशी शंका येथे येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर भाराच्या विभागणीत आहे. लॅपटॉपमध्ये सहा घटांवर सर्व भार पडतो. घरच्या भांडारात तोच भार शंभर घटांवर विभागला जातो. प्रत्येकाला अत्यल्प प्रवाह द्यावा लागतो. म्हाताऱ्या बैलाला नांगराला जुंपता येत नसले तरी हलके ओझे तो दीर्घकाळ वाहू शकतो.

घटांची पारख

सर्व कामात अधिक वेळ लागतो तो पारखीला, आणि तो लागलाच पाहिजे. घटमालेचे प्लॅस्टिकचे कवच उघडताना लोखंडी पेचकस आत खुपसू नये. त्याचे टोक घटाच्या अंगात घुसले तर तेथेच पेट घेण्याचा संभव असतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पाचर वापरावी, डोळ्यांवर चष्मा घालावा आणि हे काम मोकळ्या हवेत करावे. हातातील अंगठी, कडे व घड्याळ प्रथम काढून ठेवावे. घटाच्या दोन अग्रांमध्ये अंगठी अडकली तर तिच्यातून वाहणारा प्रवाह ती क्षणार्धात लालबुंद करतो.

१८६५० घटाच्या रचनेतील एक बारकावा येथे सांगणे अगत्याचे आहे. ह्या घटाचे संपूर्ण धातूचे नळकांडे ऋण अग्राशी जोडलेले असते. वरच्या टोकाला मध्यभागी जी टोपी दिसते तेवढीच धन असते. तिच्या सभोवतालची कड ऋणच असते. ह्या दोहोंमध्ये असते ती केवळ प्लॅस्टिकची पातळ वेष्टनी आणि एक निरोधक चकती. वेष्टनी फाटली किंवा चकती हरवली तर धन टोकाला जोडलेली पट्टी कडेला टेकून मंडलसंक्षेप होतो, म्हणजे बाहेरील कोणत्याही उपकरणातून न जाता प्रवाह थेट एका अग्राकडून दुसऱ्याकडे धावतो. म्हणून फाटक्या वेष्टनीचा घट नवी वेष्टनी व नवी चकती बसविल्याखेरीज वापरू नये.

घट सुटे केल्यावर प्रथम डोळ्यांनी पारखावेत. पोचा आलेला, गंजलेला, ओघळ आलेला किंवा गोडसर, उग्र वास येणारा घट तत्काळ बाजूला काढावा. नंतर मल्टिमीटरने त्याचा विद्युत् दाब मोजावा. निरोगी घटाचा दाब पूर्ण भरलेल्या स्थितीत ४.२ व्होल्ट व रिकाम्या स्थितीत ३ व्होल्टच्या आसपास असतो. जो घट २ व्होल्टच्या खाली गेलेला आढळेल तो पुन्हा भरून पाहण्याचा मोह टाळावा. इतक्या खाली गेलेल्या घटात ऋण अग्राचे तांबे द्रवात विरघळू लागते, आणि घट परत भरताना तेच तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत मंडलसंक्षेप घडवून आणते. असा घट आज भरला तर भरेल, परंतु काही महिन्यांनी, घरातील माणसे झोपली असताना, तो केव्हा दगा देईल ह्याचा नेम नसतो.

पहिल्या चाळणीतून उरलेले घट योग्य भरणयंत्रावर मंद प्रवाहाने ४.२ व्होल्टपर्यंत भरावेत. भरताना जो घट हाताला गरम लागेल तो बाद करावा. भरलेले घट तारखेची चिठ्ठी लावून काही आठवडे नुसते ठेवून द्यावेत, आणि पुन्हा दाब मोजावा. चांगल्या घटाचा दाब फारसा उतरत नाही. ज्याचा दाब आपोआप ४.१ व्होल्टच्या खाली घसरला त्याला आतून गळती आहे असे समजावे. अखेरीस प्रत्येक घट ठराविक प्रवाहाने रिकामा करून त्याची खरी क्षमता मोजावी. हे काम करणारी लहान यंत्रे बाजारात मिळतात. प्रत्येक घटावर त्याची क्षमता लिहून ठेवावी. ह्या परीक्षेत वेळ फार जातो, आणि हाती आलेल्या घटांपैकी पुष्कळसे बाद होतात. परंतु बाद घट निवडून काढणे हेच ह्या परीक्षेचे प्रयोजन आहे, हे विसरू नये.

हिशेब आणि जोडणी

एका साध्या घराचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे चार एल.ई.डी. दिवे रोज पाच तास जळतात. त्यांना १८० वॅट-तास लागतात. ३० वॅटचा एक पंखा आठ तास फिरतो. त्याला २४० वॅट-तास लागतात. एकूण गरज ४२० वॅट-तासांची झाली.

जुन्या घटाची उरलेली क्षमता सरासरी २ अँपिअर-तास आणि सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर एका घटात ७.२ वॅट-तास ऊर्जा मावते. घट एकापुढे एक जोडले, म्हणजे एकसरी जोडणी केली, तर दाबांची बेरीज होते. ते शेजारी शेजारी, सर्व धन टोके एकत्र व सर्व ऋण टोके एकत्र जोडली, म्हणजे अनेकसरी जोडणी केली, तर क्षमतांची बेरीज होते. आपण १४ घटांचा एक अनेकसरी गट केला आणि असे ७ गट एकसरी जोडले, तर एकूण ९८ घट लागतील. गटाची क्षमता २८ अँपिअर-तास, घटमालेचा दाब २५.२ व्होल्ट आणि एकूण ऊर्जा सुमारे ७०५ वॅट-तास होईल. घटांचे आयुष्य वाढावे म्हणून त्यातील ८० टक्केच वापरावयाची ठरविली तर ५६४ उरतात; इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के वाया गेली असे धरले तरी सुमारे ४८० वॅट-तास हाती येतात. आपली गरज भागून थोडी शिल्लक राहते. दिवे व पंखा एकाच वेळी चालू असताना प्रत्येक घटाला जेमतेम पाव अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. घटांचे एकूण वजन भरेल सुमारे साडेचार किलोग्रॅम.

जोडणी करताना दोन नियम कटाक्षाने पाळावेत. सातही गटांची एकूण क्षमता शक्य तितकी समान असावी. घटांवर लिहिलेल्या आकड्यांचा येथे उपयोग होतो. प्रत्येक गटात सबळ व दुर्बळ घटांची वाटणी अशी करावी की बेरीज सारखी येईल. एखादा गट दुर्बळ राहिला तर तो इतरांच्या आधी भरतो व इतरांच्या आधी रिकामा होतो, आणि संपूर्ण घटमालेची शक्ती त्याच्याच शक्तीने मर्यादित होते. दुसरा नियम असा की, अनेकसरी जोडण्यापूर्वी गटातील सर्व घट एकाच दाबावर आणावेत. भरलेला घट रिकाम्या घटाला जोडला तर दोहोंमध्ये क्षणार्धात प्रचंड प्रवाह वाहतो. निरनिराळ्या जातींचे घट एकत्र करणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचा घट ३.६५ व्होल्टलाच पूर्ण भरतो, तो ४.२ व्होल्टच्या घटांच्या पंक्तीत बसू शकत नाही.

घटांच्या टोकांना निकेलची पट्टी जोडण्यासाठी कारागीर ज्याला स्पॉट वेल्डिंग म्हणतात ती पद्धत वापरावी. सोल्डरिंगच्या कढत इस्त्रीची उष्णता घटाच्या आत पोहोचते आणि तेथील प्लॅस्टिकचा पडदा दुखावते.

आगीपासून रक्षण

लिथियम घट पेट घेतो तो कसा, हे समजल्यावाचून त्याच्यापासून रक्षण करता येत नाही. अतिभरण, आघात किंवा आतील मंडलसंक्षेप ह्यांमुळे घट तापला की त्यातील पदार्थ आपसांत प्रक्रिया करू लागतात. त्या प्रक्रियेतून आणखी उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंश सेल्सिअसला पॉलिएथिलिनचा पडदा वितळतो आणि दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात. त्यानंतर ही साखळी बाहेरून थांबविता येत नाही. एका घटाची ज्वाळा शेजारच्या घटाला तापविते आणि आग घटाघटातून पसरत जाते. तिच्या धुरात हायड्रोजन फ्लुओराइडासारखे विषारी वायू असतात.

म्हणून संरक्षणाची तटबंदी एकाहून अधिक पदरांची असावी लागते. पहिला पदर म्हणजे प्रत्येक घटाला स्वतंत्र वितळतार. १४ घटांच्या गटातील एक घट आतून मंडलसंक्षेपित झाला तर उरलेले १३ घट आपली सर्व वीज त्याच्यात ओततात. बारीक वितळतार असेल तर ती वितळून रोगी घट वेगळा पडतो आणि गट वाचतो. दुसरा पदर म्हणजे नियंत्रक मंडल. बाजारात त्याला बी.एम.एस. म्हणतात. ते प्रत्येक गटाच्या दाबावर लक्ष ठेवते आणि कोणताही गट ४.२ व्होल्टच्या वर किंवा ठरविलेल्या किमान मर्यादेच्या खाली जाऊ लागला की प्रवाह तोडते. भरणाची मर्यादा ४.१ व्होल्ट ठेवली तर जुन्या घटांचे आयुष्य आणखी वाढते. तिसरा पदर म्हणजे मुख्य तारेवरील मोठी वितळतार. चौथा पदर म्हणजे जागा. घटमाला पत्र्याच्या, हवा खेळती राहील अशा पेटीत, पण पत्र्यापासून निरोधकाने अलग ठेवावी. ही पेटी झोपण्याच्या खोलीत, जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर कधीही ठेवू नये. उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीतही ती नसावी.

शिसे-आम्लासाठी बनविलेला इन्व्हर्टर ह्या घटमालेला तसाच जोडणे ही एक नेहमीची चूक आहे. सात गटांच्या घटमालेला २९.४ व्होल्टहून अधिक दाब सोसत नाही, आणि २४ व्होल्टचे काही इन्व्हर्टर शिशाच्या घटमालेचे समीकरण करताना ३० व्होल्टच्या वर जातात. भरणयंत्र लिथियम घटांसाठी योग्य आहे की नाही, हे आधी पाहावे.

एवढे करूनही आग लागलीच तर घटमाला वाचविण्याचा प्रयत्न करू नये. घरातील सर्वांना बाहेर काढावे, धूर हुंगू नये, आणि अग्निशामक दलास १०१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवून आग लिथियम घटांची आहे हे स्पष्ट सांगावे.

शिशाच्या घटमालेविषयी

ग्रामीण व निमशहरी भागांत भंगारातील घटमाला म्हणजे बहुधा शिसे-आम्लाचीच. १२ व्होल्टच्या अशा घटमालेत २ व्होल्टचे सहा घट असतात. झाकणे उघडता येत असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजावे. पूर्ण भरलेल्या घटात ते १.२६ ते १.२८ असते. सहाही घटांत ते सारखेच उतरलेले असेल तर घटमाला केवळ रिकामी झालेली असू शकते. पाण्याची पातळी ऊर्ध्वपातित पाण्याने भरून तिला मंद प्रवाहाने अनेक तास भरून पाहावे. एकाच घटात ते फार कमी असेल तर तो घट मेला आहे असे समजावे. भरताना हायड्रोजन वायू निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून हे काम उघड्यावरच करावे.

मेलेली घटमाला फोडून तिच्यातील शिसे घरी वितळविणे हा उद्योग मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. आफ्रिकेतील सेनेगल देशात, डाकार शहरालगतच्या थियारोये-सुर-मेर ह्या वस्तीत लोक जुन्या घटमालांतील शिशाने मिसळलेली माती चाळून शिसे वेचीत आणि विकीत असत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ ह्या काळात तेथे १८ बालके दगावली. घराच्या अंगणातील धुळीत मिसळलेले शिसे हे त्याचे कारण असल्याचे तपासात दिसून आले. युनिसेफ व प्युअर अर्थ ह्या संस्थांच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील सुमारे तीनपैकी एका बालकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, आणि शिसे-आम्ल घटमालांची अशास्त्रीय मोडतोड हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते आणि झालेली हानी भरून येत नाही. चार पैशांच्या शिशासाठी दिलेले हे मोल फार मोठे आहे.

मोडीच्या धातूपासून नवा घट

तयार घट वेचण्याऐवजी मोडीच्या धातूपासून घटच नव्याने बनविता येईल काय? अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात केरी पिंट ह्यांच्या गटाने २०१६ साली ह्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. पोलाद व पितळ ह्यांचे भंगारातील तुकडे घेऊन त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत् रासायनिक क्रियेने ऑक्साइडाचा सूक्ष्म थर चढविण्यात आला आणि ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या जलीय द्रावणात ठेवण्यात आले. हा घट पाच हजार वेळा भरून रिकामा केल्यावरही त्याची ९० टक्क्यांहून अधिक क्षमता टिकून राहिली. त्यात दर किलोग्रॅमला सुमारे २० वॅट-तास ऊर्जा मावते. हे प्रमाण शिशाच्या घटमालेहूनही कमी असल्याने तो मोटारीत बसविण्याजोगा नाही. परंतु जो घट एका जागी स्थिर राहावयाचा आहे त्याच्या वजनाची चिंता थोडी कमी करता येते, आणि त्यातील द्रव पाण्याचा असल्याने तो पेट घेत नाही. हा प्रयोग अद्याप घरोघरच्या वापराइतका परिपक्व झालेला नाही. तथापि पोलाद व पितळ ह्यांसारख्या सर्वत्र मिळणाऱ्या धातूंतूनही वीज साठविता येते, हे त्याने सिद्ध केले आहे.

कायदा व सुरुवात

भारत सरकारने २०२२ साली घटमाला-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू केले. त्यांच्या कक्षेत शिशाच्या घटमालांबरोबर लिथियमसह सर्व जातींच्या घटमाला येतात. वापरलेली घटमाला इतर कचऱ्यात न मिसळता तिच्या संकलनाचे, नूतनीकरणाचे किंवा पुनर्चक्रणाचे काम करणाऱ्याकडे सोपविणे हे ग्राहकाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. जुन्या घटमाला नूतन करून देण्याचा व्यवसाय करावयाचा असल्यास राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. स्वतःच्या प्रयोगात बाद ठरलेले घटही ह्याच मार्गाने जावयास हवेत. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते वेगळ्या डब्यात साठवावेत आणि अधिकृत संकलकाकडे द्यावेत.

ज्या वाचकाला हे काम हाती घ्यावयाचे आहे त्याने शंभर घटांपासून आरंभ करू नये. एक चांगला पारखलेला घट, संरक्षक मंडल असलेले एक लहान भरणयंत्र, एक वितळतार आणि एक वॅटचा एल.ई.डी. दिवा एवढी सामग्री पहिल्या धड्यास पुरेशी आहे. २ अँपिअर-तास क्षमतेचा घट असा दिवा सुमारे सात तास जाळील. दररोज तो भरावा, दिवा विझेपर्यंतचा काळ वहीत लिहावा आणि महिनाभर ही नोंद ठेवावी. घट कसा वागतो, केव्हा थकतो आणि उन्हाळ्यात किती तापतो, हे त्या नोंदीतून कळते. तांत्रिक विद्यालयांच्या प्रयोगशाळांत जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज करता येईल. एका घटाचा स्वभाव ज्याने असा महिनाभर पाहिला आहे, त्याने मग सात घटांची घटमाला रचावी, आणि ती वर्षभर निर्वेध चालल्यावरच मोठ्या भांडाराचा विचार करावा.